गोवर्धनभाऊंची शिवारफेरी

सकाळपासून गोवर्धनभाऊ कडू उभे होते. चहा त्यांनी उभ्यानं घेतला, पेपर उभ्यानं वाचला, आणि वच्छलाबाईंनी पाटासमोर पोह्यांची बशी ठेवली तर ती उचलून खिडकीपाशी नेऊन खाल्ली.

"बसा ना जरा," वच्छलाबाई म्हणाल्या. "तीन दिवसापासून पाहून राह्यली मी. रेशनच्या लायनीत असल्यावानी उभेच दिसता."

"उभ्यानं तब्येत चांगली राह्यते. डॉक्टरनंच सांगतलं टीव्हीवर."

डॉक्टरनं सांगितलं होतं खरं, पण टीव्हीवर नव्हे. चांदूर बाजारच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, दार लावून. मूळव्याध, तिसरी पायरी. गोळ्या-मलमांचं काम संपलं, आता ऑपरेशन करून मोकळे व्हा.

आता मूळव्याध काही कोणी हौसेनं आणत नाही. पण बोरखेडीत ती गोवर्धनभाऊंना व्हावी, हीच मोठी पंचाईत होती. कारण बोरखेडीत सरकारची आरोग्य योजना म्हणजे गोवर्धनभाऊ. गावात कार्डांचं शिबिर त्यांनी भरवलं, घरोघर फिरून माणसं त्यांनी आणली. कोणाचे मोतीबिंदू, कोणाचे गुडघे, कोणाच्या हृदयातल्या नळ्या, सगळं त्यांनी फुकटात करवून आणलं. त्याबद्दल गाव त्यांना मानायचं. माणूस खरोखर कामाचा होता. फक्त तोंडाला झाकण नव्हतं. ज्याचं ऑपरेशन व्हायचं त्याची गंमत दुसऱ्या दिवशी मारुतीच्या पारावर रंगवून सांगितल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे. श्रावण राऊतच्या हर्नियाला त्यांनी 'पंक्चर' म्हटलं आणि गावानं श्रावणलाच ते नाव देऊन टाकलं. वर्ष झालं, श्रावण पाराकडे फिरकला नव्हता.

आता हीच बातमी उलटी फिरली तर? आपल्याला काय काय नावं पडतील, याची यादी गोवर्धनभाऊंनी रात्रभर पालथं झोपून केली होती. सतरा झाली तेव्हा त्यांनी ठरवलं की ऑपरेशन करायचं, योजनेतूनच करायचं, पण गावाच्या कानावर जाऊ द्यायचं नाही. आणि गोवर्धन कडूनं ठरवलं की ठरवलं.

अमरावतीला जाणं शक्य नव्हतं. अमरावतीच्या कुठल्याही दवाखान्यात चांदूर बाजारचं माणूस भेटतंच, आणि भेटलं की कुशीवर वळवून चौकशी करतं. म्हणून त्यांनी अकोला धरलं. जठारपेठेत योजनेत बसणारं एक हॉस्पिटल त्यांनी फोनवरून शोधलं.

"तीन-चार दिवस अकोल्याले जाऊन राह्यलो," त्यांनी वच्छलाबाईंना सांगितलं. "कृषी विद्यापीठात शिवारफेरी आहे. नवे वाण पाहाले."

"थ्याले उशी काहून पाह्यजे?"

पिशवीतून उशीचा कोपरा बाहेर आला होता. गोवर्धनभाऊंनी तो आत कोंबला आणि "तिथल्या उशा कडक असतात" म्हणत उंबरा ओलांडला.

अमरावतीहून अकोल्यापर्यंत एसटी अर्धी रिकामी होती. गोवर्धनभाऊ दांडा धरून उभे.

"काका, बसा ना, जागाच जागा आहे," कंडक्टर म्हणाला.

"उतराचंच आहे."

"तिकीट तं अकोल्याचं आहे!"

"मंग अकोल्यालेच उतरीन ना."

मूर्तिजापूरपर्यंत कंडक्टर त्यांच्याकडे वळून वळून बघत होता.

हॉस्पिटलात योजनेच्या टेबलावर आरोग्यमित्र म्हणून आचल नावाची मुलगी बसली होती. तरतरीत, कामाला पक्की. डॉक्टरांनी तपासून चिठ्ठी दिली होती, ती तिनं पाहिली आणि म्हणाली, "होऊन जाते काका, एक रुपया लागत नाही. पण ऑपरेशनवाले डॉक्टर बुधवारीच येतात. आज एक वाजायच्या आत नोंद झाली तं आज, नाहीतं पुढच्या बुधवारी."

अजून आठ दिवस उभं राहायचं? गोवर्धनभाऊंनी पटकन वर पाहिलं. घड्याळात साडेबारा झाले होते.

"नोंद कराले काय वेळ लागते! साठ लोकाइच्या केल्या म्या. हा घे अंगठा."

अंगठा लागला नाही. जन्मभर संत्र्यांच्या पेट्या ठोकून त्यावरच्या रेषा पार पुसून गेल्या होत्या. दहाही बोटं लावून झाली. यंत्र एकालाही ओळख देईना.

"मंग चेहरा घेऊ," आचल म्हणाली. "त्या स्टुलावर बसा, इकडं पहा, पापणी मिटून उघडा."

स्टूल लाकडी होतं. गोवर्धनभाऊंनी मनातल्या मनात सगळ्या देवांची नावं घेतली आणि टेकले. त्यांच्या तोंडाचं जे काही झालं ते यंत्रानं पाहिलं आणि सांगितलं, चेहरा जुळत नाही. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा तेच.

"काका," आचल कार्डावरचा फोटो निरखत म्हणाली, "याच्यात तं तुम्ही हसून राह्यले. हे तुम्हीच आहे ना?"

"उभ्यानं घे फोटो, मी आत्ता हसतो!"

"कॅमेरा हलत नाही ना काका. राहू द्या, ओटीपी पाठवते. कार्डाले जोडलेल्या नंबरवर येते. दहा मिनिटं चालते." तिनं बटण दाबलंसुद्धा. "शेवटले आकडे सत्तेचाळीस. फोन काढा."

गोवर्धनभाऊंचा हात खिशापाशीच थांबला. सत्तेचाळीस त्यांचा नंबर नव्हता. सत्तेचाळीस देवमन तायडेचा होता.

चूक कोणाची म्हणायची? शिबिराच्या वेळी गावातल्या म्हाताऱ्यांकडे फोन नव्हते आणि पोरांचे नंबर दर महिन्याला बदलायचे. तेव्हा गोवर्धनभाऊंनीच डोकं लढवलं होतं. देवमन तायडे एसटीतून निवृत्त झालेला कंडक्टर, ग्रामपंचायतीत दिवसभर बसणारा, आणि अठरा वर्षांत नंबर न बदललेला माणूस. अख्ख्या गावाची कार्डं त्याच्या नंबरला जोडून टाकली. लोक बिचकू नयेत म्हणून गोवर्धनभाऊंनी पहिलं कार्ड स्वतःचंच जोडलं होतं, टाळ्यांच्या गजरात. ओटीपी आला की मेसेजमध्ये नाव नसे, म्हणून देवमन ग्रामपंचायतीच्या भोंग्यावर पुकारा करायचे. मग ज्याचा असेल त्यानं फोन करायचा, नाव आणि आजार सांगायचा, आकडा घ्यायचा. नाव-आजार सांगितल्याशिवाय आकडा नाही, हा नियमही गोवर्धनभाऊंचा. एकदा एका ठगानं गावात फोन केला होता, तेव्हापासून तो भिंतीवर रंगवून घेतला होता.

"तुया टेबलावरचा फोन दे," गोवर्धनभाऊ म्हणाले. स्वतःच्या मोबाइलवरून केला असता तर नाव दिसलं असतं. इतकं भान त्यांना अजून होतं.

"हालो! देवमन तायडे बोलून राह्यलो, ग्रामपंचायत बोरखेडी!"

गोवर्धनभाऊंनी दोन बोटांनी नाक दाबलं. "थो ओटीपी आला ना आत्ता, सांगा बरं."

"नाव?"

"नावाचं काय काम? घाई आहे मले."

"नाव आन् आजार. त्याच्याबिगर आकडा भेटत नाई. गोवर्धनभाऊचा नियम आहे, भितीवर लेहेला आहे."

गोवर्धनभाऊंना त्या क्षणी गोवर्धनभाऊंचा भयंकर राग आला. "आठ मिनिटं," आचल म्हणाली. घाईघाईत तोंडाला आलं ते नाव त्यांनी सांगून टाकलं.

"श्रावण राऊत. हर्निया."

पलीकडे देवमन फोन बाजूला धरून म्हणाले, "कारे श्रावण, फोन अकोल्याचा दिसते. तू अकोल्यात आहे का बावा?"

"अर्ध्या घंट्यापासून तुयापुढं उभा आहो ना मी!" श्रावणचा आवाज लांबून आला. "घरटॅक्सची पावती दे म्हणून."

झालं! देवमननं आयुष्यभर विनातिकीट माणसं पकडली होती. त्यांनी भोंग्याचा माइक चालू केला आणि त्यांचा आवाज एकदम चढला. "अरे चोट्ट्या! गावकरी बंधूंनो, सावध! अकोल्याहून कोनी ठग श्रावणच्या नावानं ओटीपी मांगून राह्यला! थो फोनवरच आहे. मी फोन माइकसमोर धरतो, आवाज वळखा!"

"नको, नको!" गोवर्धनभाऊ नाक सोडून ओरडले आणि पुन्हा दाबलं. फोन ठेवावा तर ओटीपी जातो, ओटीपी गेला तर बुधवार जातो.

"मी भाऊले फोन लावतो," श्रावण म्हणाला. "या ठगाइचं त्याईलेच समजते."

गोवर्धनभाऊंना हे ऐकू आलं, पण त्याचा अर्थ डोक्यात शिरायला दोन क्षण लागले. तोवर त्यांच्या शर्टाचा खिसा गरजला. शिबिराच्या वेळी रिक्षावर लावायला त्यांनी स्वतःच्या आवाजात एक जाहिरात केली होती. ती इतकी आवडली की रिंगटोनच करून टाकली होती.

"बंधू-भगिनींनो! आजार अंगावर काढू नका! लाज सोडा, कार्ड काढा!"

मोबाइल उपसता उपसता तो उशीच्या पिशवीत पडला. गोवर्धनभाऊ एका हातात टेबलावरचा फोन धरून दुसऱ्या हातानं उशी उलथीपालथी करत होते, आणि वाकणं तर त्यांना जमत नव्हतं. "लाज सोडा, कार्ड काढा!" पिशवीतून आवाज आला. तोच आवाज तारेतून बोरखेडीला गेला, भोंग्यातून गावभर फिरला आणि क्षणभरानं पुन्हा त्यांच्या कानात आला.

आचलनं शेवटी मोबाइल शोधून बंद केला.

"भाऊ?" देवमन हळूच म्हणाले. "तुमी आहे काय?"

"हाव."

"शिवारफेरीत ओटीपी लागते?"

तेवढ्यात पलीकडे गडबड झाली, चपला वाजल्या, आणि वच्छलाबाईंचा आवाज आला, धापा टाकत, रडवेला. "अवो, काय झालं तुमाले? दवाखान्यात काहून गेले मले न सांगता? तीन दिवस बसले नाई, रात्रभर पालथे झोपून कण्हून राह्यले होते… मोठं काही आहे का? खरं सांगा, तुमाले माई आन आहे!"

या बाईनं ग्रामपंचायतीपर्यंतचं अंतर पळत काढलं होतं. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन चारच महिने झाले होते. गोवर्धनभाऊंना स्वतःची लाज वाटली, आणि ती त्या सतरा नावांच्या लाजेपेक्षा मोठी निघाली.

"मूळव्याध आहे मले," ते म्हणाले. नाक न दाबता, चांगल्या खणखणीत आवाजात. "मूळव्याध, वच्छला. बाकी काई नाई. आज ऑपरेशन करतात, परवा मी घरी. रडू नको. देवमन, गोवर्धन कडू, मूळव्याध. झालं का नाव-आजार? सांग आता आकडा."

बोरखेडीच्या शिवारात जो कोणी वखर हाणत होता, जी कोणी कपाशीत निंदत होती, त्या सगळ्यांनी ते ऐकलं. देवमननं घसा खाकरून आकडा सांगितला, एकेक अंक सुटा करून, तिकीट फाडल्यासारखा. आचलनं तो टाकला तेव्हा एकाला चार मिनिटं कमी होती.

ऑपरेशन झकास झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी गोवर्धनभाऊ खाटेवर कुशीवर पडले होते आणि येणाऱ्या सतरा नावांना तोंड द्यायची तयारी करत होते. वच्छलाबाई रात्रीच आल्या होत्या आणि दोन तास रागावून आता मोसंबी सोलत होत्या. तेवढ्यात वॉर्डाच्या दारात गलका झाला. बोरखेडीहून क्रूझर करून माणसं आली होती. एक-दोन नव्हे, अकरा. सगळ्यांच्या पुढे श्रावण राऊत.

"ये श्रावण," गोवर्धनभाऊ म्हणाले. "काय म्हनाचं थे म्हन. माया हक्कच नाई आता रागवाचा. त्या पंक्चरच्या गोष्टीचं लय चुकलं बावा माह्यं."

श्रावण दोन्ही हात मागे बांधून उभा होता. त्याच्यामागची दहा माणसंही उभी. कोणी छताकडे बघत होतं, कोणी मोसंब्यांकडे.

एवढे पाहुणे पाहून आचलनं शेजारच्या वॉर्डातून खुर्च्या ओढून आणल्या. "बसा ना काका, बसा सगळे."

कोणी बसलं नाही.

गोवर्धनभाऊंनी श्रावणकडे पाहिलं. मग एकेकाकडे पाहिलं. मग रिकाम्या अकरा खुर्च्यांकडे पाहिलं. त्यांचं तोंड हळूहळू उघडलं.

"अरे बाप्पा!" ते म्हणाले. "सगळेच?"

"दोन वर्षं झाले मले," श्रावण खाली बघत पुटपुटला. "सांगाचं कोनाले? तुमाले सांगतलं असतं तं पारावर…" त्यानं खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं कार्ड काढलं. "पण काल भोंग्यावर तुमीच आपल्या तोंडानं सांगतलं, मंग म्हटलं आता काय भेव."

दहा हात खिशात गेले आणि दहा कार्डं बाहेर आली. गोवर्धनभाऊंना हसू आवरेना, आणि टाके दुखत असल्यानं हसताही येईना. डोळ्यांत पाणी आलं ते नेमकं कशाचं, हे वच्छलाबाईंनीही विचारलं नाही.

"आचल, लेह बाई नावं," ते म्हणाले. "आजार विचारू नको. नियम बदलला आजपासून. फक्त नाव. आन् देवमनले फोन लावून ठेव, ओटीपीसाठी."

"फोन कायले?" मागून आवाज आला. देवमन तायडे मागाहून एसटीनं आले होते आणि खिडकीला टेकून उभे होते, हातात मोबाइल धरून. "मी सोताच आलो ना. एवढे ओटीपी येतीन, जवळ असलेलं बरं."

"हे बेस केलं," गोवर्धनभाऊ म्हणाले. "मंग बस त्या खुर्चीवर. तुले बसाले काय झालं?"

देवमननं खुर्चीकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर पाहिलं.

"राहू द्या भाऊ," ते म्हणाले. "उभाच बरा आहो मी."