फलाट क्रमांक सात

आमच्या गल्लीतून कुणी नुसतं जात नाही. सुपडूनाना त्याला सोडतात.

सकाळी माझ्या सासूबाई पिशवी घेऊन बाहेर पडल्या की समोरच्या ओट्यावरून खणखणीत आवाज येतो, "देवीच्या देवळाकडे जाणाऱ्या सासूबाई, व्हाया भाजीबाजार, गल्लीच्या तोंडाशी लागलेल्या आहेत." सासूबाई पहिली दोन वर्षं चिडल्या. आता घोषणा झाली नाही तर दारातच रेंगाळतात. दूधवाला, घंटागाडी, माझा नवरा, कुणाचीच सुटका नाही. नवऱ्याची स्कूटर किका मारूनही चालू होत नसली की नाना दर दोन मिनिटांनी कळवतात, "गाडी तांत्रिक कारणामुळे थांबून आहे." मग नवरा स्कूटरवरचा राग माझ्यावर काढतो.

नाना धुळ्याच्या बसस्टँडवर तीस वर्षं कंट्रोलर होते. गाड्यांच्या वेळा लावायच्या, त्यांना फलाट द्यायचा आणि माइकवरून सांगायचं, हे त्यांचं काम. ते निवृत्त झाले तेव्हा माइक तिकडे राहिला आणि आवाज घरी आला. एरवी ते आपले अहिराणीत बोलतात. काही महत्त्वाचं सांगायचं झालं की मात्र घसा खाकरतात, आणि मग समजायचं की आता माइकवरची मराठी येणार. बायको गेल्यापासून ते एकटेच असतात. एकुलती एक लेक, मंगल, लग्न होऊन पिंपळनेरला असते.

माझी त्यांची खरी ओळख भाजीच्या गाडीपाशी झाली. मी शाळेत विज्ञान शिकवते. हृदयाची आकृती फळ्याकडे न बघता काढू शकते, असा माझा लौकिक आहे. तर एक दिवस आठवीच्या वर्गात ती आकृती काढता काढता माझंच हृदय असं धडधडायला लागलं की खडू हातातून पडला. मी मरणार, तेही डाव्या निलयापाशी बोट ठेवून, याची मला खात्री पटली. पंधरा दिवसांत तीन वेळा छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढून आणली. तिसऱ्या वेळी डॉक्टर म्हणाले, "बाई, हृदय उत्तम आहे. हा चिंतेचा त्रास आहे." आणि एका समुपदेशक बाईंचं नाव लिहून दिलं. ती चिठ्ठी मी पर्समध्ये इतकी खाली ठेवली की मलाही सापडू नये. विज्ञानाच्या बाईंना असला त्रास, म्हणजे शोभतं का?

तेव्हा मला दिवसातून दहा वेळा नाडी मोजायची खोड लागली होती. वांगी निवडता निवडता मी मनगट धरून उभी होते. शेजारी नाना वांगी वाजवून बघत होते.

"किती व्हयनात?" त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं.

"ब्याण्णव," मी बोलून गेले आणि जीभ चावली.

"घाबरू नको बहीन. गाडी लेट शे, कॅन्सल नही."

हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. स्टँडवर कुणी प्रवासी घामाघूम होऊन खाली बसला की नाना त्याला केबिनमध्ये बसवत, पाणी देत आणि हेच सांगत. अशी माणसं त्यांनी तीस वर्षं पाहिली. त्यातल्याच काहींचे नंबर ठेवून निवृत्तीनंतर त्यांनी मोबाइलवर एक ग्रुप काढला. त्यांच्या वेळी स्टँडवर सहा फलाट होते, म्हणून ग्रुपचं नाव 'फलाट क्रमांक सात'. ज्या गाडीला कुठेच जागा मिळत नाही तिच्यासाठी. त्या संध्याकाळी मला विचारल्याशिवाय त्यांनी मला आत घेतलं आणि जाहीरही केलं, "धुळ्याहून विज्ञानाच्या बाई आलेल्या आहेत. प्रवाशांनी सरकून जागा द्यावी." मी लाजेनं मोबाइल उशीखाली ठेवला. पाच मिनिटांनी काढून बघितला तर बत्तीस जणांनी सरकून जागा दिली होती.

ग्रुपचे नियम नाना कंट्रोलरच्या कडकपणानं पाळतात. औषधाचं कुणी बोलायचं नाही, ते डॉक्टरांचं काम. "आपन फक्त फलाट सांगाना." दुसरा नियम, 'टेन्शन घेऊ नको' हे शब्द लिहायचे नाहीत. जो लिहील त्याला नाना अर्ध्या तासासाठी 'गाडीतून उतरवतात'. जळगावच्या एका वकिलांना महिन्यातून चारदा उतरवलंय, पण त्यांची सवय जात नाही.

आणि दर शनिवारी संध्याकाळी सहाला 'आजचा गैरसमज'. नाना बोलून पाठवतात, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. आजचा गैरसमज. रिकाम्या माणसालाच चिंता होते, कामात असलं की होत नाही. खरं की खोटं?" आणि मग जी झुंबड उडते! जामनेरच्या कमलअक्कांनी त्या दिवशी एका वाक्यात निकाल लावला होता, "मी दिसभर कापूस येचते, ते बी मह्यासंगं येचते." बोदवडचे सलीमभाई गाद्या-रजया भरतात. ते म्हणाले, "बाई, मैं लोगों को नींद भरून देतो, आणि मलाच येत नाही." कधी 'लग्न करून दिलं की बरं होतं' यावर वाद, कधी 'डॉक्टरकडे गेला म्हणजे वेडा झाला' यावर. एकदा कुणीतरी 'तिखट सोडलं की धडधड थांबते' असं टाकलं, तेव्हा अख्खा खानदेश पेटून उठला होता. तो शनिवार रविवारपर्यंत चालला.

बोलता बोलता एका शनिवारी मीही आठवीच्या वर्गातला खडू सांगून टाकला. सोमवारी पर्समधली चिठ्ठी शोधून काढली आणि समुपदेशक बाईंकडे गेले. आता मी नाडी दिवसातून एकदाच मोजते, तीही सवय मोडायला नको म्हणून.

"नाना, तुम्हाला नाही कधी असं झालं?" मी एकदा विचारलं होतं.

"माले काय व्हस? मी कंट्रोलर शे," ते म्हणाले आणि घंटागाडी सोडायला उठले.

मला ते पटलं. इथेच माझं विज्ञान कमी पडलं, कारण बघायला सगळं डोळ्यांसमोर होतं. या माणसाला तीन वेळा बढती आली आणि तिन्ही वेळा त्यानं ती नाकारली, कारण नंदुरबारला जावं लागलं असतं. नाना सायकलीवर फिरत. दर रविवारी पहाटे उठून वांगी भाजायचे, भरीत करायचे, कळण्याची भाकरी थापायचे आणि चार पुडाचा डबा पिंपळनेरच्या गाडीच्या ड्रायव्हरच्या हाती द्यायचे. मंगल तो तिकडच्या स्टँडवरून घ्यायची आणि पुढच्या गाडीनं परत पाठवायची, त्यात कधी शेंगदाण्याचे लाडू, कधी कुरडया. अकरा वर्षं डबा गेला. नाना एकदाही गेले नाहीत. मंगलनं लग्न आपल्या पसंतीनं केलं होतं, त्यामुळे गल्लीचं आणि मंगलचं एकच मत होतं, म्हातारा अजून रागावलेला आहे. गेली दोन वर्षं तीही दिवाळीला आली नव्हती.

मग तो शनिवार आला. सहा वाजले, घोषणा नाही. सव्वासहा झाले. ग्रुपवर कमलअक्का, "नाना कुठी गेले?" वकील म्हणाले, कुणी टेन्शन घेऊ नका, आणि त्यांना उतरवायला कुणी आलं नाही. तेव्हा मात्र मला राहवेना. मी समोर गेले.

नाना कॉटवर बसलेले. इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल, मांडीवर पिशवी. मला वाटलं, कुठून तरी आलेत.

"मंगलच्या घराची वास्तुशांती शे उद्या," ते म्हणाले. "सकायपासून तीन डाव स्टँडवर जाई उनू."

"गाडी नव्हती?"

"गाडी व्हती. तीन गाड्या मीच सोड्यात." ते पिशवीचा बंद पिळत राहिले. "दार लागनं का जीव घाबरस. जीप म्हन, कार म्हन, बठ्ठासले दार ऱ्हास. पहिलेपासून. कंट्रोलरले गाडीनं भेव वाटस, हाई कोन मानी?"

मी स्टुलावर बसले. ज्याच्या ग्रुपमुळे मी समुपदेशक बाईंकडे गेले, तो हा माणूस स्वतः कुणाकडेच गेला नव्हता.

"आणि मंगलला वाटतंय तुम्ही रागावलात. तिला खरं का सांगितलं नाही?"

"बापनं रागावणं चालस, बहीन. बापनं भ्याणं कसं चाली?"

मला इतका राग आला की मी त्यांचा मोबाइल उचलून त्यांच्या हातात दिला. "सहा वाजून पंचवीस झालेत. गैरसमज सांगा. हाच सांगा."

ते नाही म्हणाले. पिशवी मांडीवरून खाली ठेवली. मग घसा खाकरला.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. आजचा गैरसमज. बाप रागावलेला चालतो, घाबरलेला चालत नाही. खरं की खोटं? सदर बाप..." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "सदर बाप आपला कंट्रोलरच आहे."

चार मिनिटं गेली. मग कमलअक्का, "खोटं." आणि थोड्या वेळानं, "मह्या बापालेबी व्हतं. तो गेल्यावर समजलं." सलीमभाईंनी बोलून पाठवलं, "नाना, तुम्हीच सांगता ना, अख्खा रस्ता बघू नका, पुढचा स्टॉप बघा. कुसुंब्यापर्यंत बसा. नको वाटलं तर उतर जाना." वकिलांनी लिहिलं, "नाना, टेन्शन घेऊ नका." नानांनी डोळे पुसले आणि त्यांना अर्ध्या तासासाठी उतरवलं.

रविवारी सकाळी आम्ही दोघं पिंपळनेरच्या गाडीत बसलो. नाना दाराजवळच्या सीटवर, मांडीवर डबा. दार लागलं आणि त्यांनी समोरची दांडी धरली. थोड्या वेळानं मनगट माझ्यापुढे केलं. "किती व्हयनात?" मी मोजले. एकशे अठरा होते. मी ब्याण्णव सांगितले.

कुसुंब्याला आम्ही उतरलो. लिंबाखाली उभे राहिलो, उसाचा रस प्यायलो, पुढची गाडी धरली. नेरला उतरलो. साक्रीला उतरलो. प्रत्येक ठिकाणाहून मी ग्रुपवर कळवी आणि माझ्या मोबाइलवर कुणाचं तरी बोलणं येई, "धुळ्याहून निघालेले नाना नेरला पोहोचलेले आहेत," आणि नाना तेवढ्यातही चूक काढत, "लागलेले आहेत म्हनानं, पोहोचलेले नही." दोन तासांचा रस्ता आम्ही पाच तासांत केला. ज्या गाड्या या माणसानं तीस वर्षं वेळेवर सोडल्या, त्याच त्याच्यासाठी एकामागून एक थांबत होत्या.

पिंपळनेरला मंगल स्टँडवर उभी होती. पूजेच्या साडीत, कपाळभर कुंकू. आम्ही येतोय हे तिला माहीतच नव्हतं. ती दर रविवारसारखी डब्यासाठी आली होती, आणि धुळ्याहून आलेल्या तीन गाड्यांना विचारून झालं होतं. आज घरभरणी, आणि आजच बापानं डबाही पाठवला नाही, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. ती ड्रायव्हरच्या खिडकीपाशी आली. "डबा?" ड्रायव्हरनं अंगठ्यानं मागचं दार दाखवलं.

नाना खालच्या पायरीवर डबा घेऊन उभे होते. आता त्यांना उतरता येईना. मी मागून दंड धरून ठेवला. त्यांनी घसा खाकरला.

"धुळ्याहून पिंपळनेरला येणारा बाप, अकरा वर्षं उशिरानं, फलाटावर लागलेला आहे. झालेल्या..." पुढची मराठी त्यांना सापडली नाही. "राग नव्हता वं माय. गाडीमा भेव वाटे माले."

मंगलनं आधी डबा काढून घेतला, मग बापाचा हात धरून त्यांना खाली घेतलं आणि त्याच दंडावर एक चापट मारली. "अकरा वर्षं डब्याला एकटं पाठवलं!" ती म्हणाली आणि स्टँडभर ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं रडली. हा आवाज कुणाकडून आलाय ते मला लगेच कळलं.

मी संध्याकाळच्या गाडीनं परतले. नाना राहिले. परतीची गाडी लेट शे, असं रोज कळवतात. समुपदेशक बाईंचं नाव मी त्यांना लिहून दिलंय. आल्यावर जाईन म्हणाले. पुढच्या शनिवारी सहाला घोषणा पिंपळनेरहून झाली, मागे नातीचा दंगा ऐकू येत होता. "आजचा गैरसमज. कंट्रोलरला काही होत नसतं. खरं की खोटं?" मी सगळ्यांच्या आधी उत्तर दिलं.

रविवारी सकाळी सासूबाई पिशवी घेऊन बाहेर पडल्या आणि दारातच थांबल्या. समोरचा ओटा रिकामा. त्यांनी चप्पल नीट केली, पदर नीट केला, पुन्हा चप्पल नीट केली.

मी खिडकीशी गेले आणि घसा खाकरला.