अठरा चाकी गाड्यावर फलक चढविल्याची हकीकत

श्री. खरें लिहितां दरबार रुसे, खोटें लिहितां लेखणी रुसे. लेखणी घरची, तिजला दुखवूं नये, सबब लिहिलें असे. शके एकोणीसशें सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, ज्येष्ठ मासीं राज्यांत वर्तमान ऐसें जाहलें कीं, सरकारचे ट्रेलर म्हणोन अठरा चाकी लांब गाडे रांजणानें डिझेल पीत, आणि खिंडींत आडवा वारा सुटतां ताडी प्याल्यागत झोकांड्या खात आणि उलथत. मग खाशांनीं, म्हणजे खुद्द राजेसाहेबांनीं, गाडेखान्याचे कारभारी त्रिंबकपंत हसबनीस यांस आज्ञा केली कीं, नवा गाडा करावा. साधला तरी पालखीचा मान, न साधला तरी घरीं बसावें. पंत जेवणखाण विसरले आणि खपोन खपोन त्यांनीं गाड्याचें कपाळ गोल केलें, उंची उतरविली, बगलांस चाकें झांकील ऐसी झालर लाविली आणि शेपूट निमुळतें केलें. मग खिंडींत फिरवोन पाहिला, तों गाडा डुलेना आणि डिझेलही वाचलें. पंतांस आपलें लेकरूं चालों लागल्याचा हर्ष जाहला.

परंतु राज्याची चाल ऐसी कीं, नवी वस्तु, मग पूल असो कीं मुतारी, थोरांच्या मुखवट्यांचा अभिनंदन-फलक चढल्याविना तिचें उद्घाटन होऊं नये. दिवाण सर्जेरावांनीं टपावर खाशांच्या मुखासह आपला फलक चढविला, मग सरदार म्हणाले आमचा कां नको, मग दिवाणांचे मेहुणे आले आणि मग मेहुण्यांचे व्याही; ऐसी टपावर सपाट भिंतच उभी राहिली. पंत हात जोडोन बोलिले, "साहेब, ही भिंत वारा धरील, गाडा उलथेल."

दिवाण बोलिले, "वाऱ्यास खाशांचें मुख दिसत नाहीं काय?"

पंतांस पालखी दिसत होती. त्यांनीं फलकांचे दोर आवळावयास सांगितलें. मग उद्घाटनाचे दिवशीं गाडा खिंडींत गेला आणि वारा आला आणि भर सनईचौघड्यांत गाडा आडवा पडला आणि ड्रायव्हर हुसेन याची मांडी मोडली. चौकशी बैसली, काजू-बेदाणे बहुत खाल्ले, आणि निकाल दिधला कीं, वारा राजद्रोही, गाडा हलका; सबब पुढें गाड्यांचे पोटीं धोंडे भरावे, झालर-शेपूट काढावें, आणि डिझेल दुप्पट लागेल तें रयतेनें सोसावें. पंत चौकशींत तोंड उघडीत नाहींत हा गुण पाहोन त्यांस पालखी दिधली आणि नव्या फलकावर मुखवटाही दिधला. पंत तो फलक पाहावयास गेले. आपला गोल कपाळाचा गाडा आठवोन डोळां पाणी आलें. मग उपरण्यानें डोळे टिपोन रंगाऱ्यास बोलिले, "आमचें तोंड जरा वर घ्या. येथें मेहुण्यांच्या पागोट्याआड झांकतें."

एवंच, खिंडींत वारा तोच आहे, गाडे पीत होते त्याहून अधिक पितात, आणि पंत पालखींतून हिंडतात. हुसेन काठी टेकीत चालतो.