सुनेच्या कोलॅजनचं पाणी

राखण करावी तर द्रौपदाबाईंनीच, असं निरगुडसर गावात निदान द्रौपदाबाईंचं तरी ठाम मत होतं. त्यांच्या कांदाचाळीकडं उंदीरसुद्धा माघारी वळून जातो, असं त्या सांगत. त्यामुळं मंचरला निघालेली सून तेजस्विनी जेव्हा म्हणाली, "आत्या, कंप्युटर बंद पडू देऊ नका. पाच वाजता सरांना चित्र पाठवायचंय. ते आवडलं तरच पुण्याच्या मोठ्या कंप्युटरवर काम करायला मिळंल," तेव्हा त्यांना रागच आला.

"मला सांगतीस व्हय?"

सुनेची पाठ वळताच त्यांनी शेजारच्या रत्नाला हाक मारली. सुनेचं संशोधन दाखवायचं कुणाला, हा रोजचाच प्रश्न होता.

"पडद्यावरची ही तीनपेडी वेणी बघ. कोलॅजन म्हनत्यात. तुझ्या कातड्यात, हाडात हेच हाय. आन् भवतालचं निळं म्हंजे पाणी. ते कसं वागतं, ते आमची सून यात बघती."

रत्नानं डोळे बारीक केले. "लई पाणी हाय. कधीपासून चालू हाय?"

"सोमवारपासून."

"अगं, इतकं तर उसाला बी कुणी देत न्हाई. कुजंल की ते."

द्रौपदाबाई चपापल्या. सून हुशार, पण नळाच्या पाण्यावर वाढलेली. पाणी कधी बंद करायचं, हे तिला कोण शिकवणार? त्यांनी भिंतीतला प्लग उपटला. पडद्यावरचं पाणी हलतच राहिलं, उलट टेबलाखालची बॅटरीची पेटी टिटवीसारखी ओरडायला लागली.

"बाई, लाईटबिगर चालतंय," रत्ना मागं सरकली.

"आमच्या सुनेचं हाय ते. तुमच्या मोटारीगत लाईट गेली की मान टाकत न्हाई." अभिमानानं असं म्हणत त्यांनी पेटीचं बटण दाबलं. पडदा काळा झाला. "आता पाणी निथळून जरा वाफसा येऊ दे."

तेजस्विनी आली आणि काळा पडदा बघून प्लग शोधायला वाकली. "पाणी लई झालं व्हतं, म्हनून मीच बंद केलं," द्रौपदाबाईंनी सांगितलं.

"आत्या, पाणी काढलं की कोलॅजन आखडतं. त्याला धरून बसलेलं पाणीच त्याला लवचिक ठेवतं. तेच तर सरांना दाखवायचं होतं."

"आधी न्हाई का सांगायचं? थेंब कमी पडू दिला नसता मी."

कालपर्यंतचं काम कंप्युटरनं साठवलं होतं, पण आजचं सगळं वाहून गेलं होतं; ते रात्रभर पुन्हा चालवावं लागणार होतं. तेवढ्यात सरांचा फोन आला. सून तोंड उघडायच्या आत द्रौपदाबाईंनी तो काढून घेतला.

"सर, मी तिची सासू. पाणी मी बंद केलंय, पोरीला बोलायचं न्हाई. रातंदिस राबती ती. आन् उद्यापतूर थांबलात तर तुमच्या हाडातलं पाणी काय आटत न्हाई."

पलीकडून खोकल्यासारखं हसू आलं. "उद्या दुपारपर्यंत थांबतो, आजी."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रत्नानं कुंपणावरून विचारलं, "गेलं का चित्र?"

"गेलं. सरांनी मोठा कंप्युटर बी वापरायला दिला."

"रातभर राखण कुणी केली? तुमीच ना?"

"कुठली? खोलीला कुलूप घातलं तिनं आन् किल्ली गळ्यात. माझ्यावर बी इस्वास ठेवला न्हाई." द्रौपदाबाईंनी ऐटीत पदर सावरला. "हाय का तुमच्यात कुणाची इतकी हुशार सून?"