देवळीत ठेवलेली खिडकी

"घरात समद्यात कोरडी जागा कुठली गं, आये?" लालासाहेबांनी दारातूनच विचारलं. मिरजेजवळच्या विश्रामबागेत श्रावणाची झड लागली होती आणि कॉलेजातल्या प्रयोगशाळेच्या भिंतींना ओल फुटली होती. हातातली पुठ्ठ्याची डबी त्यांनी सदऱ्याखाली तान्ह्या लेकरासारखी धरली होती.

अंबूबाईंनी जरा विचार केला. "द्येवाची देवळी. श्रावणभर तितला दिवा इझत न्हाई."

खरंच होतं ते. लालासाहेबांनी डबी उघडून कापसासकट भिंतीतल्या देवळीत, दिव्याच्या उबेला ठेवली. कापसात बोटभर जाडीची एक गोल चकती होती, पाण्याहून निर्मळ.

लालासाहेब पदार्थविज्ञान शिकवीत. डोळ्यांना न दिसणारे उष्णकिरण तपासण्याचं एक यंत्र त्यांनी जमवत आणलं होतं, आणि त्याच्या खिडकीला काय बसवावं या घोळात वर्ष घालवलं होतं. काच त्या किरणांना दारातच अडवते. गारगोटीचा स्फटिक थोडे आत सोडतो, बाकीचे गिळतो. मीठ मात्र त्यांना सरळ वाट देतं. म्हणून युद्ध संपल्यावर शेंदेलोणाची ही घासूनपुसून लख्ख केलेली चकती विलायतेहून बोटीने आली होती. दुसऱ्या दिवशी, सोमवारी, बंगळूरहून एक मोठे प्राध्यापक यायचे होते. यंत्र चालताना दिसलं, तर लालासाहेबांना ते संशोधनासाठी आपल्याकडे नेणार होते.

हे काय आणलंस, असं आईने विचारलं. मीठ विलायतेहून मागवलं म्हटलं असतं, तर साताऱ्याकडची भावकी पुढच्या श्रावणापर्यंत हसली असती. लालासाहेब म्हणाले, "स्फटिक हाय. लय जपायचा."

अंबूबाईंनी हात जोडले.

सोमवारी लालासाहेब पहाटेच कॉलेजात गेले. दुपारी चकती न्यायला आले, तर आई देवापुढे बसली होती, चेहरा ओढलेला. तिने त्यांच्या हातावर पळीभर तीर्थ घातलं. लालासाहेबांनी ते घेतलं आणि जागच्या जागी उभे राहिले. तीर्थ खारट होतं.

ताम्हनात बेलाची पानं होती. पानांखाली सुपारीएवढा गुळगुळीत खडा उरला होता.

"सकाळधरनं धार धरली हुती," अंबूबाई म्हणाल्या. "स्फटिकाचा म्हादेव कुनाच्या घरी असतो रं? तू आनून द्येवातच ठिवलास, मग म्या त्येला कोरडा कसा ठिवू? पर लाला, त्यो बारीक बारीकच हुत ग्येला. माजं काय चुकलं?"

खरं काय ते लालासाहेबांच्या ओठांवर आलं आणि तिथंच थबकलं. आई श्रावणातले सोमवार अळणी करी, लग्न होऊन आल्यापासून. एरवीच्या उपासाला शेंदेलोण चालतं, तिच्या या व्रताला तेही चालत नसे. मीठ होतं म्हणावं, तर तीर्थापायी लेकानेच तिचं व्रत मोडलं. न म्हणावं, तर महादेव रुसून गेला म्हणून ती झुरणार.

"तुजं काय सुदिक चुकलं न्हाई, आये," ते म्हणाले. "त्यो स्फटिक पान्यात टिकनारा नव्हता. म्याच सांगाया पायजे हुतं."

संध्याकाळी बंगळूरचे पाहुणे कॉलेजात आले. लालासाहेबांनी खिडकीला काच बसवून पाहिली होती, यंत्राचा काटा हलेना. चकतीचं काय झालं, असं पाहुण्यांनी विचारलं, तेव्हा ती अभिषेकात गेली, हे त्यांनी सांगून टाकलं. पाहुणे डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग चष्मा पुसत म्हणाले, की किरणांना काय मानवतं एवढ्यावर खिडकी निवडायची नसते; ती ज्या घरात नांदणार, ते घरही बघावं लागतं. बंगळूरला नेण्याचा विषय त्यांनी काढला नाही. लालासाहेबांनी त्यांना मिरजेच्या गाडीत बसवून दिलं.

घरी आई उपास न सोडता बसून होती. काम झालं नाही, हे तिने चेहऱ्यावरूनच ओळखलं.

"माज्यामुळं," ती म्हणाली.

लालासाहेबांनी तिला समजावलं, की ती चकती पहिल्या थेंबालाच वाया गेली होती, तिने पुढे किती का धार धरेना.

अंबूबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "मीठच हुतं न्हवं ते?"

लालासाहेबांनी मान खाली घातली.

"माजा जलम चुलीम्होरं ग्येला, लाला. जिभंवर पडलं तवाच वळखलं. थुकून टाकायचं, तर तीर्थ. आन् अळणी भगर खाऊन खाऊन त्वांड पार मेल्यालं." त्यांनी नजर ताम्हनाकडे वळवली. "आनी एक पळी घेतली. मग आनी एक. त्येच तुला इचारत हुते, माजं काय चुकलं म्हनून. तू म्हनालास, काय सुदिक न्हाई."

लालासाहेबांनी दिव्याची वात सारखी केली. मग त्यांनी हळूच विचारलं, "कसं लागलं?"

"लय ग्वाड लागलं रं," अंबूबाई म्हणाल्या, आणि त्यांनी पदर डोळ्यांना लावला.