लिंबाच्या वासाचा घाम

"सायकल चालवा. घाम येईपर्यंत चालवा. आणि एक दिवसही चुकवू नका," असं डॉक्टर म्हणाले होते. चष्मेवाल्यांना तो आवाज रोज सकाळी डोळे उघडायच्या आत ऐकू यायचा. रक्तातली साखर उतरली नाही तर जन्मभराच्या गोळ्या, हेही त्याच आवाजात.

दिवसभर दुकानात बसून ते लोकांच्या नाकावर चष्मे बसवत. जुनी सायकल दुरुस्त करायचा विचार चालू होता, तोच जावई नवी इलेक्ट्रिक सायकल घेऊन दारात हजर.

"बाबा, धूर नाही, आवाज नाही. पृथ्वीचंही भलं आणि तुमचंही."

"पण हिच्यावर व्यायाम होतो का?"

"होतो की! मोटरची मदत किती घ्यायची त्याचं बटण आहे. कमी, मध्यम, भरपूर. कमीवर ठेवा आणि पाय मारा."

पहिला दिवस कमीवर गेला. दुसऱ्या दिवशी चढ लागला म्हणून मध्यम. चढ संपला, बटण काही खाली आलं नाही. आठवड्याभरात ते भरपूरवर गेलं आणि तिथेच मुक्कामाला राहिलं. पाय पॅडलवर नुसते शोभेला. नेम चुकला नाही, घाम तेवढा येईना. इकडे बायको रोज घाम पुसायला ओला टॉवेल घेऊन दारात उभी!

शेवटी त्यांनी तोड काढली. काचा पुसायच्या द्रवाच्या रिकाम्या फवाऱ्याच्या बाटल्या दुकानात पुष्कळ. एकीत पाणी भरायचं आणि गल्लीच्या वळणावर थांबून कपाळावर, मानेवर, पाठीवर मारायचं.

एके सकाळी घाईत द्रवाने भरलेलीच बाटली पिशवीत गेली.

बायकोने मान पुसली आणि ती थबकली. "अहो, हे काय? फेस येतोय! आणि लिंबाचा वास!"

"आज जरा जास्तच दमलो."

"दमल्यावर फेस घोड्याला येतो, माणसाला नाही."

तिने जावयाला फोन केला. तो आला, वाकून वास घेतला आणि मोबाईलमध्ये डोकं घातलं. "आई, श्वासाला फळांचा वास आला तर साखर भयंकर वाढलेली असू शकते, असं लिहिलंय."

"अरे, वास श्वासाला नाही, मानेला येतोय."

"मग तर आणखीच वाईट!"

चष्मेवाले "अगं, ऐक तरी" म्हणेपर्यंत त्यांना टॅक्सीत कोंबलंसुद्धा. टॅक्सी जुनी, मागे काळ्या धुराची शेपटी. धुरावर एरवी तासभर बोलणारा जावईच ओरडत होता, "आणखी जोरात घ्या!"

जावयाने आधी नव्या सायकलचं, तिच्या मोटरचं सगळं सांगून टाकलं. डॉक्टरांनी मानेचा वास घेतला. मग स्वतःचा चष्मा काढून त्याचाही घेतला. काचा पुसायची बाटली त्यांनीही चष्मेवाल्यांच्याच दुकानातून नेली होती. "तुम्ही दोघं जरा बाहेर थांबा," ते म्हणाले.

बायको दारापर्यंत जाऊन परत फिरली. "डॉक्टर, दोष माझाय. यांची साखर उतरेपर्यंत मी चहात साखर घेणार नाही, असा नेम धरलाय. परवा बहिणीने न विचारता घातली. तिचं मन कसं मोडू, म्हणून प्यायले. त्याचंच हे." पदराने डोळे टिपत ती बाहेर गेली.

चष्मेवाल्यांना हे ठाऊकच नव्हतं. रोज समोरासमोर बसून चहा घ्यायचा, आणि ठाऊक नव्हतं!

"मोटर कितीवर असते?" डॉक्टरांनी विचारलं.

"भरपूरवर."

"बाहेर काय सांगू?"

"काचा पुसायचं पाणी अंगावर उडालं म्हणून सांगा. ते खोटं नाही. बाकीचं साखर उतरली की मीच सांगेन तिला."

"तोवर तिने बिनसाखरेचा चहा प्यायचा?"

चष्मेवाल्यांनी मान खाली घातली. "म्हणून तर आता घाई आहे. मोटरला हात लावणार नाही, शब्द देतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको आत जपाला बसली होती. चष्मेवाल्यांनी आवाज न करता बॅटरी काढून कपाटात कपड्यांमागे सरकवली. मोटरशिवाय ती सायकल म्हशीसारखी जड. पायऱ्यांवरून उतरवतानाच दम लागला. कोपऱ्यावर डावीकडे सपाट रस्ता, उजवीकडे चढ. त्यांनी क्षणभर डावीकडे पाहिलं, मग हँडल उजवीकडे वळवलं आणि सीटवरून उठून पॅडलवर सगळं वजन टाकलं.