कर्जाला भेटणारे गोविंदराव

आमच्या भोरच्या पतपेढीचे चिटणीस गोविंदराव कर्जाला भेटायला जात. कर्जदाराला नव्हे, कर्जाला. संस्थानी अमदानीतली गोष्ट. मी तेव्हा पेढीत कारकून होतो. हिर्डोशीला कुणी पेढीच्या पैशातून बैल घेतला, की हे पायी हिर्डोशी गाठणार, बैलाच्या पाठीवरून हात फिरवणार आणि परत येऊन मला सांगणार, "कर्ज धष्टपुष्ट आहे."

पेढीचे पंच हसत. गोविंदरावांचं म्हणणं असं, की सावकार तासाभरात पैसे देतो, कारण तो माणूस ओळखतो. व्याज मात्र कंबर मोडणारं. आपलं व्याज बेताचं, पण आपण नुसता जमिनीचा उतारा ओळखतो. मग ज्याला जमीन नाही पण हातात कसब आहे, त्यानं कुठं जायचं?

कासमभाई शिंपी असाच बिनजमिनीचा. शिवणयंत्रासाठी केलेला त्याचा अर्ज पंचांनी दोनदा परत केला. तो सावकाराकडे निघाल्याचं कळलं, तेव्हा गोविंदराव पंचांसमोर उभे राहिले. म्हणाले, "बुडालं तर माझ्या पगारातून कापा."

यंत्र आलं. वर्षभरात कासमभाईनं दोन कारागीर ठेवले. शेजारच्या दुकानात कापड खपू लागलं, त्या दुकानदारानं पेढीत ठेव ठेवली आणि त्या ठेवीतून वरव्याच्या एका तेल्याचा घाणा उभा राहिला.

"पैसा हिंडतोय, बरं का," गोविंदराव म्हणत. "मुलूख असाच वर येतो."

दर बाजारच्या दिवशी ते यंत्र तपासायला जात. तपासणी तासभर चाले. कासमभाईची आई चहा करी, दोघं जण गप्पा मारीत. गोविंदरावांची पत्नी जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. कामाशिवाय कुणाच्या घरी जायचं त्यांना जमत नसे.

मग कासमभाईनं शेवटचा हप्ता भरला, तोही मुदतीआधी. गोविंदरावांनी पावती दिली, त्याची पाठ थोपटली, आणि त्यांचं तिकडं जाणं थांबलं. दोन महिन्यांनी कासमभाईनं मला रस्त्यात गाठलं.

"सायेब रागावलं का? आई लई इचारती."

मी निरोप सांगितला. गोविंदराव चष्मा पुसत म्हणाले,

"आता कुठल्या कामानं जाऊ?"

पुढच्या बाजारी, दुपारी, मी पेढीतल्या त्यांच्या खोलीत गेलो, तर ते खिडकीशी पाठमोरे बसलेले. मांडीवर स्वतःचा कोट. पेन्सिल तासायच्या चाकूनं बाहीची शिवण उसवत होते. एकेक टाका, कापडाला धक्का न लावता. चार बोटं उसवून झाल्यावर त्यांनी कोटाची घडी काखेत मारली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "जरा शिंप्याकडे जाऊन येतो."