घरतकाकांची बोलकी बरणी

घरतकाका सकाळी चहाच्या आधी बरणीला कान लावतात. स्वयंपाकघरातल्या चिनीमातीच्या बरणीला, गुडघ्यावर बसून, डोळे मिटून. "बोलतेय," असं म्हणाले की ते खूश. "गप हाय," म्हणाले की स्वतःही दिवसभर गप. काकींना तो दिवस सणासारखा.

बरणीत असतो आंबवलेला कोबी. मीठ लावून, दाबून, स्वतःच्याच पाण्यात बुडवलेला. आंबताना त्यात बुडबुडे फुटतात, तेच बरणीचं बोलणं. काका जहाजावर आचारी होते. एकदा जहाज दुरुस्तीसाठी जर्मनीत अडकलं आणि तिथल्या एका म्हातारीनं त्यांना घरी नेऊन हा प्रकार शिकवला. काका त्याला 'सावरक्राउट' म्हणतात, काकी 'नासका कोबी'. मी नववीतून शाळा सोडलेला माणूस. घरमालकाचा शब्द तोच माझा शब्द. त्यामुळे मी सावरक्राउटच म्हणतो, काकी जवळ नसल्या तर.

मी मूळचा उदगीरकडचा. कळंबोलीच्या लोखंड बाजारात कामाला जातो आणि पनवेलला काकांच्या गच्चीवरच्या खोलीत राहतो. खोली जाईल या धास्तीनं मी काकांना कशालाच नाही म्हणत नाही. आणि नवीन असताना तापानं फणफणलो, तेव्हा या दोघांनीच मला खाली आणून झोपवलं, पेज भरवली. पेजेबरोबर सावरक्राउटही होतं. तरी मी वाचलो.

थंडी पडली की मोहीम सुरू. भाजी मार्केटात काका एकेक कोबी कानाशी धरून टिचकी मारतात. पिशव्या धरून मागे मी. एकदा भाजीवाली वैतागून म्हणाली, "काका, कोबी घेताय का सून बघताय?"

"सून कच्ची निघाली तर शिकते," काका म्हणाले. "कोबी शिकत नाय."

कोबी चिरायचं काम माझं. दाबायचं मात्र नाही. "दाबायला घरचेच हात," हा म्हातारीचा नियम. मीठ घातलेला कोबी परातीत घेऊन घरातल्यांनी मिळून मुठींनी चुरायचा, पाणी सुटेपर्यंत. परका हात लागला की कोबी रुसतो. यावर विज्ञानाचं काय म्हणणं आहे ते मला माहीत नाही. विज्ञान मला आठवीतच जड गेलं होतं. तर काका, काकी आणि त्यांची मुलगी रेश्मा परातीभोवती बसत, आणि मी दाराशी उभा राहून कौतुक करत असे. कौतुकाला परका चालतो.

रेश्मा लग्न होऊन गेली ती नेमकी जर्मनीतच. काकांना कोण आनंद! पहिल्याच फोनवर विचारलं, "तिकडचं सावरक्राउट कसं हाय?"

"पप्पा, इकडं पाकिटात मिळतं. घरी कोण करत बसतंय?"

त्या दिवशी काका गप होते. काकींनीही सण साजरा केला नाही.

तरी दर डिसेंबरात रेश्मा यायची आणि कोबी दाबून जायची. गेल्या डिसेंबरात मी कोबी चिरला, काकांनी मीठ घातलं आणि तिचा फोन आला. तिकडं बर्फ पडला होता, विमान रद्द, आणि पुढचं मिळेपर्यंत सुट्टी संपणार होती. इकडं काकींचा उजवा हात प्लॅस्टरमध्ये.

"मी एकटा बास हाय," काका म्हणाले. संधिवातानं त्यांची मूठ वळत नाही, एवढं सोडलं तर योजना उत्तम होती. ते तळव्यानं दाबत राहिले, दाबत राहिले. कोबी कोरडाच.

"अवो, ऱ्हाऊ द्या," काकी हळूच म्हणाल्या. "मी भाजी करते त्याची."

"भाजी?" काका असे दचकले, जणू काकींनी रेश्माचीच भाजी करायची म्हटलं होतं.

मला बघवेना. अशा वेळी बाहेरच्या माणसानं थांबू नये, म्हणून मी जिन्याकडे वळलो.

"कुटं चाललास?"

"वर, काका."

"हात धुऊन ये."

मी घाबरलोच. "काका, पण कोबी रुसेल ना."

"रुसू दे. रुसून रुसून किती रुसंल?" त्यांनी परात माझ्याकडे सरकवली. "आणि जोर लाव. लोखंड बाजारात काय फुलं वेचतोस?"

मी चुरायला लागलो. काकींनी डाव्या हातानं परात धरली. काका मधूनमधून कोबी बोटांनी चाचपून बघत होते, वैद्य नाडी बघतो तसे. बऱ्याच वेळानं ते ओरडले, "सुटला गं पानी!"

काही दिवसांनी सकाळी मी खाली आलो तेव्हा काका बरणीशी बसले होते. या वेळी कान नव्हता, फोन होता बरणीला लावलेला.

"बोलतेय, पप्पा!" फोनमधून रेश्मा ओरडली. "पण दाबला कुणी? आईचा तर हात मोडलाय."

काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग बरणीकडे.

"घरच्यांनीच," ते म्हणाले.

महिन्याभरानं बरणी उघडली. चव नेहमीसारखीच भयंकर होती. मी पुन्हा मागून घेतलं.